भोंगा आणि भिंत

खोली हवी होती ती फक्त चाळीस मिनिटांसाठी. राहायला नको, सजवायला नको. एक खुर्ची आणि नीट बंद होणारं दार, बस. आत नवरोबा चोवीस दिवसांच्या मुलीला घेऊन बसणार, बाहेर ठमी परीक्षकांसमोर आपलं संशोधन मांडणार आणि मग तिघं मिळून घरी जाणार. बेत इतका सरळ होता की त्याची धास्ती तेव्हाच वाटायला हवी होती.

ठमी हे विद्यापीठाच्या दप्तरातलं नाव नव्हे. माहेरी तिला ठमी म्हणत, सासरी ते गुपित लग्नाच्या तिसऱ्या दिवशी फुटलं, आणि परदेशात डॉक्टरेट करायला आल्यावर निदान इथे तरी आपण ठमी नाही या समाधानात ती होती, तेवढ्यात नवराही मागोमाग आला. तो घरातून मोठ्याने हाक मारायचा. पातळ भिंतींमुळे ती हाक सगळ्या मजल्याला ऐकू जायची आणि पंधरवड्यात शेजारीपाजारी तिला ठमी म्हणू लागले. खरं तर तिच्या संशोधनाचा विषयच हा होता. एका बिऱ्हाडातला आवाज दुसऱ्या बिऱ्हाडात जाऊ नये म्हणून कागदाचा लगदा आणि जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून हलकी, दुपदरी भिंत कशी करावी, यावर ती तीन वर्षं खपत होती.

आता सुनावणी होती. तीन परीक्षक, एक विद्यार्थिनी आणि शेवटी एक सही. सही झाली तर नोंदणी पुढे चालू. नाही झाली तर नोंदणी रद्द, नोंदणीबरोबर राहण्याचा परवाना रद्द आणि तीस दिवसांत बोजाबिस्तरा आवरायचा. नवरा तिच्याच परवान्याला लटकून आलेला, मुलगी तर दोघांच्या. म्हणजे एका सहीवर अख्खं बिऱ्हाड टांगलेलं होतं.

मग बाळंतपणानंतर चोविसाव्या दिवशी ही सुनावणी ठेवली तरी कुणी, असं तुम्ही विचाराल. ठमीनेच. आठव्या महिन्यात तिच्याकडे सुनावणीच्या तारखेचा अर्ज आला होता. त्यात एक चौकट होती, 'काही विशेष सोय हवी आहे का?' आणि पुढे तीन रिकाम्या ओळी. ठमीचे वडील पोस्टात छत्तीस वर्षं होते आणि अंगात ताप असला तरी कामावर जात. 'सवलत' हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा वापरला जाई. कुणी मागितली म्हणजे तो कामातून गेला. ठमीने पोट टेबलापासून शक्य तितकं जवळ आणलं, म्हणजे फारसं आणताच आलं नाही, आणि त्या तीन ओळींवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नाही.'

नवरोबांनी अर्ज तपासून दिला. मायदेशी ते एका मोठ्या कचेरीच्या अर्जशाखेत आठ वर्षं होते, आणि जगात कुठलीही चौकट रिकामी राहता कामा नये एवढंच एक तत्त्व त्यांच्यापाशी होतं. "सुटसुटीत लिहिलंयस," ते म्हणाले. "अक्षरही छान आहे."

मुलगी वेळेवर झाली. आवाजाच्या बाबतीत तिने आईबापांना पहिल्याच मिनिटाला गार केलं. नवरोबा तिला भोंगा म्हणू लागले.

"पोरीला भोंगा काय म्हणतोस? तेच नाव पडेल," ठमी म्हणाली.

"ठमीपेक्षा बरं," नवरोबा म्हणाले.

बाविसाव्या दिवशी, म्हणजे सुनावणीला दोन दिवस उरले असताना, ठमी त्या चाळीस मिनिटांच्या खोलीसाठी कचेरीत गेली. कचेरीत एक खिडकी आणि खिडकीत एक गृहस्थ. त्यांना खिडकीबाहेर कुणीच कधी पाहिलेलं नसल्याने ठमी त्यांना घरी खिडकीकर म्हणत असे. खिडकीकर अतिशय सभ्य होते. नाही म्हणताना तर फारच.

"मातांसाठी आमच्याकडे एक खोली आहे," ते हसून म्हणाले. "पण तिची किल्ली फक्त प्रसूती रजेवरच्या विद्यार्थिनींना मिळते."

"मग मला रजेवर दाखवा."

"दाखवतो की. पण रजेवर गेलात की तुमचं कार्ड बंद होतं, आणि कार्डाशिवाय इमारतीत येता येत नाही."

"म्हणजे ज्यांना किल्ली मिळते त्यांना खोलीपर्यंत पोचता येत नाही?"

"अजून तशी कुणाची तक्रार आलेली नाही," खिडकीकर म्हणाले, आणि मग कागद चाळून त्यांनी हळूच घाव घातला. "शिवाय तुम्हीच लिहिलंय ना, विशेष सोय नको म्हणून? तारीख पुढे न्यायची तर तीन आठवडे आधी कळवायला हवं होतं."

तीन आठवड्यांपूर्वी ठमी कुठे होती आणि काय करत होती, हे त्या खिडकीतून सांगण्यासारखं नव्हतं. ती मान ताठ ठेवून बाहेर आली. जिना मात्र ती कठडा धरून एकेक पायरी उतरली. टाक्यांमुळे, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग सल्ले सुरू झाले. आई फोनवर म्हणाली, "हे बघ, पोरीला पोटभर पाज, झोपेल ती. तुम्ही दोघी बहिणी अशाच झोपायच्या." सासूबाई म्हणाल्या, "झोपलेल्या पोराला घराबाहेर काढू नकोस हो, दचकतं." आई म्हणाली, "बाटली दे." सासूबाई म्हणाल्या, "बाटलीची सवय लावलीस की संपलं." खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई एकट्याच कामाचं बोलल्या. "माझ्याकडे ठेव," त्या म्हणाल्या, आणि ठमीला रडूच कोसळणार होतं, तोच त्यांनी कॅलेंडर पाहिलं. त्याच दिवशी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सात महिने थांबून मिळालेली तारीख होती ती. ठमी म्हणाली, "छे छे, काहीतरी सोय होईल."

युक्ती नवरोबांना सुचली. "अगं, तुझी स्वतःची खोली आहे की!"

होती खरी. विभागाच्या तळमजल्यावर चाचणीच्या दोन खोल्या होत्या. मधे ठमीची भिंत. एका खोलीत मोठ्या कर्ण्यांवर आवाज करायचा आणि दुसऱ्या खोलीत तो किती पोचला ते मोजायचं. बाकीच्या भिंती हातभर जाड, दार तिजोरीसारखं. किल्ली ठमीच्याच जुडग्यात होती. पोटुशी असताना कर्णे चालू झाले की ती दोन्ही खोल्यांबाहेर, पार जिन्याशी जाऊन बसायची. त्यामुळे आत मुलीला घेऊन बसायची कल्पना तिला सुचलीच नव्हती. आणि परीक्षक बसणार होते तेही जवळच, वरच्या मजल्यावर. अडचण एकच. प्रयोगशाळेत परक्या माणसाला मज्जाव होता. आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची आदल्या दिवशी वहीत नोंद हवी.

"ते माझ्यावर सोड," नवरोबा म्हणाले. आठ वर्षांच्या नोकरीनंतर पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी अर्ज भरायला दिला होता. ठमीने सोडलं. तेवीस दिवसांत मिळून तेवीस तासही झोप न झालेल्या बाईने तो निर्णय घेतला, एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल.

वहीत माणसाच्या नातेवाइकांसाठी रकानाच नव्हता. एक रकाना 'चालक' असा होता, तिथे नवरोबांनी स्वतःचं नाव घातलं. मग होता 'आवाजाचा स्रोत'. रिकामा सोडणं शक्यच नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'एक. जिवंत. वजन साडेतीन किलो. विजेची गरज नाही.' 'चालू राहण्याचा कालावधी' या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे 'अनिश्चित' असं लिहिलं.

ती नोंद संध्याकाळी खिडकीकरांकडे गेली. खिडकीकरांनी नियमाप्रमाणे ती सुनावणीच्या कार्यक्रमपत्रिकेला जोडली. सकाळी ठमी दारात पोचली तेव्हा तिथे तिच्या गाईडबाई कागद हातात घेऊन उभ्या होत्या.

"तू जिवंत आवाजाचं प्रात्यक्षिक दाखवणार आहेस?" त्यांनी विचारलं. "मला एका शब्दाने बोलली नाहीस. परीक्षकांचे अध्यक्ष तर खूश आहेत. कर्ण्यांवरची आकडेवारी त्यांना आधीपासून पसंत नव्हती, घरात माणसं राहतात, कर्णे नाहीत म्हणाले. सगळी सुनावणी खाली चाचणीच्या खोलीतच घ्यायची ठरलीय."

ठमीने कागद वाचला. मग मागे पाहिलं. 'चालक' मुलीला छातीशी बांधून, तोंडभर हसत उभे होते.

खरं सांगून टाकायचं एवढंच बाकी होतं. पण खरं सांगायचं म्हणजे वहीत खोटी नोंद केल्याचं कबूल करायचं, आणि तेही ज्या दिवशी सही हवी त्या दिवशी. "हो," ठमी म्हणाली. "ऐन वेळी ठरलं." तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

भोंग्याचं पोट साडेनऊला भरलं होतं. सुनावणी दहाची. म्हणजे पावणेबारापर्यंत चिंता नाही, हा हिशेब पक्का होता. पण तिसऱ्या परीक्षकांना इमारतच सापडेना. ते सव्वाअकराला आले आणि त्यांनी आल्या आल्या सगळ्यांची सावकाश, मनापासून माफी मागितली. ती संपेपर्यंत साडेअकरा झाले.

नवरोबा झोपलेल्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेले. तिजोरीचं दार बसलं. बाहेरच्या खोलीत तीन परीक्षक, गाईडबाई आणि ठमी. भिंतीवर एक पडदा आणि त्यावर दोन आकडे. डावा आतल्या आवाजाचा, उजवा इथल्या. आत आवाज वाढला की यंत्र आपोआप नोंद घेऊ लागे. पाच मिनिटं सलग नोंद झाली तरच ती ग्राह्य. आणि नोंद चालू असेपर्यंत आतल्या खोलीत लाल दिवा पेटलेला राही. त्याखाली पाटी होती, 'मोजमाप चालू. दार उघडू नये.'

ठमीने बोलायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं ती चांगली बोलली. डावा आकडा एकतीसवर होता. झोपलीय, ठमी मनात म्हणाली आणि चिंध्यांच्या जाडीकडे वळली. वळताना तिचा पाय खुर्चीखालच्या पिशवीला लागला आणि आत काहीतरी डुचमळलं.

बाटली. दूध काढून ठेवलेली बाटली पिशवीत होती, आणि पिशवी भिंतीच्या या बाजूला.

तिने पडद्याकडे पाहिलं. डावा आकडा अठ्ठावन्न.

"जाडी वाढवल्याने होणारा फायदा," ती म्हणाली, "अं... एका मर्यादेनंतर..." एकाहत्तर. "...कमी होत जातो."

"उत्तम!" अध्यक्ष पुढे झुकले. "नोंद सुरू झाली."

अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. उजवा आकडा चौतीसवर जागचा हलला नाही. खोलीत वाऱ्याच्या पंख्याची घरघर होती आणि तिसऱ्या परीक्षकांच्या पेनाची टिकटिक. बाकी काही नाही. ठमीने कान देऊन ऐकलं. काही नाही.

नवरा बाहेर का येत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आत लाल दिवा पेटला होता आणि त्याखाली पाटी होती. आयुष्यात त्या माणसाने कधी लेखी सूचना मोडली नव्हती. तिथे फोनही लागत नसे. तो मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत असणार, गाणं म्हणत असणार, पाटी वाचत असणार, पुन्हा फेऱ्या मारत असणार.

"पुढे बोला," अध्यक्ष म्हणाले.

ती पुढे बोलली. काय बोलली ते तिला आठवत नाही. शहाण्णव. पान्हा फुटला. पोरीचं रडू कानाला ऐकू आलं नव्हतं, पण अंगाला कुठून कळलं कोण जाणे. कुर्त्यावर दोन ओले डाग वाढू लागले तशी तिने प्रबंधाची फाइल छातीशी धरली. नोंदीचं घड्याळ सांगत होतं, तीन मिनिटं दहा सेकंद. अजून दोन मिनिटंही नाहीत. दोन मिनिटं रडल्याने कुणाचं काही होत नाही, हे आई, सासूबाई आणि नर्सबाई तिघींनीही सांगितलं होतं. तिघींचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. दोन मिनिटं थांबली की सही. परवाना. घर. सगळं जागच्या जागी.

तीन वर्षं खपून तिने हीच शांतता बांधली होती. पलीकडचं माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत असावं आणि अलीकडे पंख्याची घरघर ऐकू यावी. भिंत उत्तम झाली होती. ठमीला ती फोडून काढावीशी वाटत होती.

तीन मिनिटं चाळीस सेकंदांना ती उठली आणि तिने दार उघडलं.

आवाज खोलीत घुसला. अध्यक्ष खुर्चीसकट मागे सरकले. तिसऱ्या परीक्षकांचं पेन खाली पडलं. दारात नवरोबा उभे होते. केस विस्कटलेले, चेहरा घामाने भिजलेला. खांद्यावर लालबुंद झालेला जिवंत स्रोत. "अगं, दिवा चालू आहे ना!" ते ओरडून म्हणाले.

"माझी मुलगी आहे ही," ठमी सगळ्यांना म्हणाली. "तिला भूक लागलीय." मग तिने कोपऱ्यातल्या पालथ्या खोक्यावर बैठक मारली, भिंतीकडे तोंड केलं, ओढणी घेतली आणि मुलीला पाजायला लागली. बाटलीचं कुणाला आठवलंही नाही.

मग गाईडबाईंनीच घसा साफ करून विचारलं, "दोन पदरांमधलं अंतर किती ठेवलंस?" ठमीने भिंतीकडे तोंड करूनच उत्तर दिलं. तिसऱ्या परीक्षकांनी दमटपणाचं विचारलं, तिने दमटपणाचं सांगितलं. समोर माणसं दिसत नसली की ती किती छान बोलते हे तिला त्या दिवशी कळलं. अर्ध्या तासात प्रश्न संपले आणि मुलगी झोपली.

"काम चांगलं आहे," अध्यक्ष म्हणाले. ठमीचा श्वास मोकळा होतो न होतो तोच ते पुढे म्हणाले, "पण पत्रिकेत प्रात्यक्षिक लिहिलंय, आणि नोंद अपुरी आहे. शिवाय लहान मुलाचा आवाज सगळा तारस्वरातला. खर्जाचे आवाज तुमची भिंत अडवते का, ते कळलंच नाही. अपुऱ्या नोंदीवर मला सही करता येत नाही."

"तिला..." तिसऱ्या परीक्षकांनी अगदी निष्पापपणे विचारलं, "पुन्हा रडवता येईल का?"

"नाही," ठमी म्हणाली.

मग तिने जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. "मला वेळ द्या," ती म्हणाली. "सहा आठवडे. चार द्या. मला सवलत हवी आहे." शब्द तोंडातून निघाला आणि काही कोसळलं नाही. तिचे वडीलही कुठून प्रकटले नाहीत.

अध्यक्षांना वाईट वाटलं, ते दिसतही होतं. "त्यासाठी तीन आठवडे आधी अर्ज लागतो हो," ते म्हणाले. "माझ्या हातात असतं तर..."

गाईडबाईंनी हात पुढे केले. ठमीने झोपलेली मुलगी त्यांच्याकडे दिली, सामान आणते म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. नवरोबा मागोमाग आले. दार आपल्या वजनाने मिटलं.

आतल्या खोलीत कर्ण्याच्या खांबावर दुपटं वाळत घातलेलं होतं. ते घडी करायला घेतलं आणि ठमी फुटली. हुंदका वगैरे नाही, भोकाड. चोवीस दिवसांचं, त्याआधीच्या नऊ महिन्यांचं, उलट्या दाबत केलेल्या मोजमापांचं, टाक्यांचं, खिडकीतल्या हसण्याचं, सगळं रडू तिने गळा काढून रडून घेतलं. शेजारी नाहीत, भिंतीला कान नाहीत, मुलगी उठायची भीती नाही. "मीच लिहिलं, 'नाही' म्हणून! मीच!" ती ओरडत होती. आधी नवरोबा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आणि मी म्हटलं अक्षर छान आहे," आणि तेही मोठ्याने रडू लागले. लाल दिव्याकडे त्या दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

डोळे पुसून, दुपटं काखेत मारून दोघं बाहेर आली, तेव्हा तिघे परीक्षक पडद्यासमोर उभे होते. गाईडबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मुलगी गाढ झोपलेली. ठमी काही बोलणार तोच अध्यक्षांनी मुलीकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवलं.

"पाच मिनिटं बावन्न सेकंद," ते कुजबुजले. "सलग. इथे आम्हाला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. आम्ही तर समजलो तुम्ही सामान भरताय."

ठमी पडद्याकडे पाहत राहिली. आवाजाचे उंच-सखल खांब एकमेकांना खेटून उभे होते.

"हे वरचे स्वर तुमचे असणार," अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचं पेन डाव्या टोकाच्या जाड, बुटक्या खांबांवर येऊन थांबलं. "पण हा खर्ज? हा फार उपयोगी आहे. हा कोणाचा?"

नवरोबांनी नाक पुसलं आणि हात वर केला.

अध्यक्षांनी मान डोलावली, खिशातून चष्मा काढला आणि झोपलेल्या मुलीला जाग येऊ नये म्हणून कागद भिंतीला लावून, उभ्याउभ्या सही केली.